मुतर्जिमसाहेबांचा रशियन कित्ता

शब्दकोश विकत घ्यायचा झाला तर त्यात आधी 'साडू' शोधावा, हे मला धाराशिवात एका माणसानं शिकवलं. साडू सापडला तर खुर्ची ओढून बसावं आणि पुढचं बघावं. नाही सापडला तर पुस्तक मिटून दुकानदाराला परत द्यावं, मग ते कितीही जाड असो. मी आजही असंच करते. दुकानदार चष्म्यावरून माझ्याकडं संशयानं बघतात. बघू देत. मी कुणाच्या हाताखाली तयार झाले ते त्यांना काय ठाऊक!

सगळं गाव त्यांना मुतर्जिमसाहेब म्हणायचं. मुतर्जिम म्हणजे भाषांतर करणारा. राज्य निजामाचं, अदालतीचा कारभार उर्दूत, आणि खेड्यापाड्यांतून येणारे कागद कुठं मोडीत, कुठं कानडीत, जुनी सनद असली तर फारशीत. ते सगळं उर्दूत उतरवून न्यायाधीशापुढं ठेवायचं, हे यांचं काम. मूळचे अणदूरचे, घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारे. कचेरीत जाताना डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल रुमी टोपी; घरी आले की टोपी खुंटीला आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मग त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं हे त्यांच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. रागात असले की कानडी. लाडात आले की उर्दू. मराठी बिचारी रोजच्या वापराला.

मी सोलापूरहून मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आले तेव्हा त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला मिळाली. एवढी चांगली खोली एका परक्या, एकट्या बाईला कशी दिली, याचं मला नवल वाटलं होतं. कारण नंतर कळलं. साहेबांची बायको वारून पुष्कळ वर्षं झालेली. घरात धाकट्या भावाची बायको, आणि भाऊ लढाईवर गेलेला, त्याचा पत्ता नाही. भासरा आणि भावजय एका छपराखाली राहतात म्हटल्यावर गल्ली गप्प बसते होय? घरात तिसरं माणूस हवं, ते बाईमाणूस हवं, आणि चष्मा लावणारं असलं तर उत्तमच. मी तिन्ही बाबतींत बसले.

वहिनी भासऱ्यासमोर कधी येत नसत. डोक्यावर पदर घेऊन दाराआडून बोलायच्या, तेही थेट नाही, माझ्या नावावर. "बाई, त्यांना म्हणावं जेवाय उठा." मी समोर असले तरी हेच आणि शाळेत असले तरी हेच. मी एकदा सुट्टी घेऊन खोलीत पडले होते, तेव्हा ऐकलं. वहिनी रिकाम्या ओसरीला "बाई, त्यांना म्हणावं" म्हणत होत्या, आणि साहेब तितक्याच गंभीरपणे उत्तर देत होते, "बाई, सांगा, आलो."

राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला ओसरीवर बोलावलं. पुढ्यात एक जाडजूड पुस्तक होतं.

"बाई, इंग्रजी येतं म्हणं तुम्हाला?"

"मॅट्रिकपुरतं येतं."

"साडूला काय म्हणतात?"

मी जरा विचार केला. "ब्रदर-इन-लॉ."

"आन मेव्हण्याला?"

"ब्रदर-इन-लॉ."

"दिराला?"

मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि अगदी कळवळून म्हणाले, "अरेरे. एवढ्या मुलखावर राज्य केलं बिचाऱ्यांनी, आन घरात कुणाला धड हाक मारायची सोय न्हाय."

ते पुस्तक रशियन-इंग्रजी होतं. त्यांना रशियन शिकायची होती. त्या वेळी धाराशिवात रशियन माणूस तर सोडाच, रशियन माणूस पाहिलेला माणूसही शोधून सापडला नसता. मला वाटलं, विद्वान लोकांना म्हातारपणी असं काहीतरी होतं. कुणी तपकीर ओढतं, कुणी रशियन शिकतं. मी मनातल्या मनात हसले आणि मदत करायला हो म्हटलं. रशियनचं इंग्रजी पुस्तक सांगणार, इंग्रजीचं मराठी मी सांगणार, आणि ते मराठी साहेब उर्दू-कानडीत घोळवून बघणार, अशी आमची उतरंड ठरली.

हसू गेलं ते वहिनींनी ज्वारी पाखडता पाखडता सगळं सांगितलं तेव्हा.

अणदूरला धाकट्याच्या शेताच्या बांधाचा दावा लागला होता. शेजाऱ्यानं जुना मोडी कागद आणला आणि तो फिरत फिरत साहेबांच्याच टेबलावर आला. कागदाप्रमाणं बांधालगतची पट्टी शेजाऱ्याची होती. साहेबांनी जसं होतं तसं उर्दूत उतरवलं. पट्टी गेली, तिच्यावरचं चिंचेचं झाडही गेलं. धाकटा निरक्षर, शेतात राबणारा. तो तडक इथं आला आणि ओसरीवर उभं राहून त्यानं विचारलं, "दादा, शेजाऱ्यानं किती चारलं तुमाला?" साहेब म्हणाले, "चालता हो. पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नको." तो जो गेला तो सोलापूरला, तिथं ट्रक हाकायला शिकला आणि लढाईवर गेला. सुट्टीवर आलेला नळदुर्गचा एक शिपाई सांगून गेला की तो इराणच्या डोंगरांतून रशियाच्या हद्दीपर्यंत माल पोचवणाऱ्या गाड्यांवर आहे. साहेब मग वहिनींना अणदूरहून घेऊन आले.

पुढं वर्षभर काहीच नाही. नंतर एक लखोटा आला. वर इंग्रजीत धाराशिवच्या अदालतीचा पत्ता. आत एकच कागद, कुणालाच न कळणाऱ्या अक्षरांत लिहिलेला. आणि कागदाचा वरचा कोपरा फाटलेला.

आमच्याकडं मयताची बातमी पत्रानं कळवायची तर त्याचा कोपरा फाडतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. असलं पत्र हातात पडलं की आधी कोपरा दिसतो आणि माणूस मजकुरापर्यंत पोचायच्या आतच खाली बसतो. "गल्लीतल्या बाया आल्या," वहिनी म्हणाल्या. "एकीनं माजा हात धरला, बांगड्या फोडाया. तेवड्यात हे कचेरीतनं आले. येवडा मोटा आवाज म्या कधी ऐकला न्हवता त्यांचा. म्हणले, कागद वाचल्याबिगर निकाल न्हाय. म्या वाचीन. तवर ह्या घरात कुणी मेलेलं न्हाय."

म्हणून रशियन. हैदराबादहून आलेल्या एका अधिकाऱ्यानं अक्षरं ओळखली होती, एवढाच काय तो आधार. मी आले तेव्हा कागद येऊन चार महिने झाले होते. वहिनींच्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि त्या सगळ्या साहेबांच्या अभ्यासावर उभ्या होत्या.

आता कोश निवडायचा म्हणजे काय असतं ते मला कळायला लागलं. पहिलं पुस्तक आलं ते गोऱ्या शिपायांसाठी केलेलं, खिशात मावणारं. पूल कुठं आहे, हात वर करा, पाणी उकळलेलं आहे का. साहेबांनी ते दोन दिवस वाचलं आणि बाजूला ठेवलं. "हे भांडाय जाणाऱ्याचं पुस्तक हाय, बाई. घरी पत्र लिहिणारा असलं बोलत न्हाय." त्या पहिल्या दिवशीचं जाडजूड पुस्तक निघालं इंजिनियर लोकांचं. नट, बोल्ट, बाष्पपात्र, सगळं होतं. साहेबांची परीक्षा पाच शब्दांची: साडू, भाकरी, सावली, लाज आणि रुसवा. त्या पुस्तकात भाकरी कशीबशी सापडली, बाकीच्या चार जागा रिकाम्या. तिसरा कोश हैदराबादच्या जुन्या बाजारातून आला. पानं पिवळी, पुठ्ठा उंदरानं खाल्लेला. त्यात साडू सापडला! मी वाचून दाखवलं, "स्वयाक. बायकोच्या बहिणीचा नवरा." नणंदेला वेगळा शब्द, दिराला वेगळा, मेव्हणीला वेगळा. साहेबांनी आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "बाई, सांगा आत, ही आपल्यातलीच माणसं हायत." त्या दिवशी आम्हाला शेंगदाण्याची पोळी झाली.

पण त्या कोशातही खोट निघाली. त्यात अशी काही अक्षरं होती जी बाकीच्या पुस्तकांत नव्हती. साहेबांनी लगेच ताडलं. "हा बादशहाच्या वेळचा हाय. राज्य बदललं की लिहिणं बदलतं. म्हातारा साक्षीदार हाय. खरं बोलतो, पण मधीच मेलेल्यांची नावं घेतो." तरी त्यांनी तो ठेवून घेतला, कारण त्यांचा एक नियम होता. एका कोशात अर्थ सापडला की तो वहीत चढवायचा नाही. दुसऱ्या, वेगळ्या गावच्या, वेगळ्या माणसानं केलेल्या कोशात तोच अर्थ मिळाला पाहिजे. दोघांची साक्ष जुळली तरच नोंद. जुळली नाही तर तो शब्द मुदतीवर. मी वैतागून म्हणायची, "साहेब, अहो 'पाणी' आहे ते, त्याला कशाला दोन साक्षीदार?" ते शांतपणे म्हणायचे, "बाई, एका साक्षीवर मी चिंचेचं झाड हलवत न्हाय. इथं तर माणूस हाय."

शुक्रवारी अदालतीला सुट्टी, आमच्या शाळेलाही. ते शुक्रवार आठवले की मला अजून गुंगी येते. चैत्र-वैशाखाचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही, भिंती तापलेल्या, आणि ओसरीवर बसून आम्ही दोघं बर्फाला किती शब्द आहेत ते शोधतोय. पडणारा बर्फ वेगळा, साचलेला वेगळा, वाऱ्याबरोबर उडणारा वेगळा. साहेब डोळे मिटून एकेक शब्द पुटपुटायचे. दर्ग्याकडून कबुतरांचं घुमणं यायचं, आत वहिनींचं जातं हळूहळू फिरायचं, आणि मला खरोखरच पावलांना गार लागल्यासारखं वाटायचं. एकदा म्हणाले, "बघा बाई, थंडी कशी चालत गेली. आपल्याकडं हिम. इराणात गेली तर ज़मिस्तान. अजून वर गेली तर ज़िमा. बाई एकच, मुलूख बदलला की लुगडं बदलती." भाऊ याला 'ब्रात' म्हणतात हे सापडलं त्या संध्याकाळी ते हातलाईच्या डोंगरावर एकटेच गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. दोन्ही कोशांची साक्ष जुळली होती, तरी तो शब्द त्यांनी वहीत चढवला तो चौथ्या दिवशी.

रशियन पुस्तकं घरात आहेत म्हटल्यावर एक दिवस पोलिसांचा अमीन चौकशीला आला. लाल झेंड्याच्या लोकांचा सरकारला तेव्हा भारी धसका. अमीन खुर्चीवर बसला, एकेक पुस्तक उलटं धरून झटकलं.

"ये क्या है, साब?"

"लुगत है." लुगत म्हणजे शब्दकोश.

"कौनसी ज़बान की?"

"भाई की," साहेब म्हणाले आणि पेटीतून तो कागद काढून त्याच्या हातात दिला.

अमीन इथलाच, खेड्यातला. त्यानं अक्षरांकडं बघितलंच नाही. त्याचा अंगठा फाटक्या कोपऱ्यावर थांबला. "कोना फटेला है, साब," तो हळू आवाजात म्हणाला.

"हौ. पढ्या नै अब्बी तक."

अमीन उठला, कागद दोन्ही हातांनी परत दिला आणि आल्या पावली गेला. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते. दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा माझा धीर सुटला. मी म्हटलं, "साहेब, मुंबईत कुणीतरी रशियन जाणणारा असेलच. तिथल्या माझ्या मामांकडून चौकशी करते. कागद पाठवू, आठ दिवसांत उत्तर येईल." साहेब कानडीत काहीतरी बोलले. म्हणजे रागावले होते. मग मराठीत म्हणाले, "परका माणूस एका दमात वाचून टाकील, बाई. त्याला काय? आन त्याचा एक शब्द चुकला तर हिच्या बांगड्या गेल्या. कागद घराबाहेर जाणार न्हाय." मला वाटलं, यांना वाचायचंच नाहीये. जोवर वाचत नाहीत तोवर भाऊ जिवंत, म्हणून हे साक्षीदार गोळा करत बसलेत. मी चिडून आत गेले आणि वहिनींना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा त्यांना." वहिनी चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या, "ते वाचत्यात तवर म्या हाय तशी हाय, बाई. वाचू द्या की हळूहळू." मी आणखी जोर लावायला हवा होता. नाही लावला. मलाही ते शुक्रवार आवडायला लागले होते.

खरी अडचण वेगळीच होती. कोशांतली छापील अक्षरं आणि त्या कागदावरची अक्षरं जुळतच नव्हती. मी माझी इंग्रजीची अक्कल चालवून मोकळी व्हायची, हा एम, हा यू, हा जी. त्यानं जो शब्द तयार व्हायचा तो कुठल्याच कोशात नसायचा. एका संध्याकाळी साहेब कचेरीतून एक मोडी करारनामा घरी घेऊन आले होते. तो खाली ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. शेजारी छापलेली बाळबोध पोथी उघडी होती. त्यांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बाई! त्यांचीबी मोडी हाय!"

छापायची अक्षरं वेगळी, हातानं भरभर लिहायची वेगळी. ज्या माणसानं उभा जन्म मोडी वाचण्यात घालवला त्याला हे सुचायला दोन वर्षं लागली, याची त्यांना एवढी शरम वाटली की दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डं सुरू. मुंबई, हैदराबाद, पुणे, जिथं जिथं जुनी पुस्तकं विकतात तिथं एकच मागणी: रशियन शाळेतल्या लहान मुलांचा अक्षर गिरवायचा कित्ता. दुकानदारांनी जाड जाड व्याकरणं पाठवायची तयारी दाखवली. साहेबांनी सगळ्यांना नाही कळवलं. "पंडिताचं पुस्तक नको. बिगरीतल्या पोराचं पाहिजे." या नादात आणखी बरेच महिने गेले. मधल्या काळात लढाई संपली. गावात साखर वाटली गेली, नळदुर्गचा तो शिपाई सुखरूप घरी आला. त्यालाही धाकट्याचं पुढं काही ठाऊक नव्हतं.

शेवटी कित्ता आला. मुंबईच्या एका जुन्या पुस्तकवाल्यानं पाठवलेला, पातळ, मांजराचं आणि कोंबडीचं चित्र असलेला. कुणा पोरानं अर्धा गिरवून टाकून दिलेला. साहेब पंचावन्नच्या पुढचे. त्यांनी पाटी-पेन्सिल घेतली आणि मुळाक्षरं गिरवायला बसले. जेवताना बोट ताटाच्या कडेवर फिरायचं. चालताना हवेत फिरायचं. गल्लीत म्हणायला लागले, मुतर्जिमसाहेबांचं काही खरं नाही. महिन्याभरात कागदावरची रेघ न् रेघ सुटी झाली.

तरी त्यांनी पत्र वाचलं नाही. त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर उतरवला, सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून हलवल्या, आणि एकेक काढून अर्थ लावायला लागले. मी विचारलं, "हे काय नवीन?" म्हणाले, "साक्षीदारांना एका खोलीत बसवलं की ते एकमेकांचं बघून बोलतात. सुटं सुटं विचारायचं." चिठ्ठ्या निघत गेल्या. बर्फ. मित्र. राग. झाड. दार. 'नाही' पुन्हा पुन्हा निघायचा. मी मोजत होते. सातवा निघाला त्या दिवशी मी शाळेत मुलींना उगाच ओरडले.

मग एका शुक्रवारी दुपारी त्यांनी रुमी टोपी घातली. सुट्टीच्या दिवशी, घरात. ओसरीवर मांडी घालून बसले, डाव्या हाताला कागद, उजव्या हाताला वही. मी समोर. वहिनी दाराआड. साहेबांनी घसा साफ केला आणि अदालतीत वाचतात तसं, आवाज न चढवता न उतरवता वाचायला सुरुवात केली.

"दादाला नमस्कार. मी जिवंत आहे."

आत बांगड्या वाजल्या. साहेब थांबले नाहीत.

"इथं बर्फ आहे. मी गाडी चालवतो. मराठी लिहिणारा इथं कुणी नाही. हा माझा मित्र रशियाचा आहे, तो लिहितो. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या भाषेत लिही, माझ्या दादाला येत नाही अशी भाषा जगात नाही. कागदाचा कोपरा त्यानं तंबाखू गुंडाळायला घेतला. कागद मिळत नाही. दादा, झाड गेलं त्याचा मला आता राग नाही. कागदात होतं तेच तुम्ही वाचलंत. मी बोललो ते बरं नाही बोललो. तुम्ही म्हणालात, दारात पाऊल ठेवू नको. ठेवू का? खाली पत्ता आहे. उत्तर आलं तर लढाई संपली की घरी येईन. उत्तर नाही आलं तर समजेन, तुमचा राग गेला नाही. मग येणार नाही. बायकोला सांगा, तिला न सांगता निघालो ते चुकलं."

एवढंच होतं. क्षणभर मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवणार होते. मग साहेबांच्या तोंडाकडं लक्ष गेलं. त्यांनी टोपी काढून खाली ठेवली होती आणि ते बोटांवर महिने मोजत होते. कागद येऊन तीन वर्षं झाली होती. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. त्यानं विचारलं होतं आणि इकडून एक अक्षर गेलं नव्हतं. आठ दिवसांत उत्तर येईल, असं मी म्हटलं होतं, आणि मग शेंगदाण्याच्या पोळ्या खात बसले होते. माझ्यानं तिथं बसवेना.

तेवढ्यात वहिनी दारातून बाहेर आल्या. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भासऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझं नाव न घेता बोलल्या.

"भाऊजी, पत्ता हाय का?"

"हाय."

"मग लिवा की."

साहेबांनी कोऱ्या कागदाचा एक मोठा ताव घेतला. कुठलाच कोश उघडला नाही. वर रशियनमध्ये एक ओळ लिहिली. मग तिच्याखाली उर्दूत, फारशीत, कानडीत, मोडीत, बाळबोधीत. आणि ताव माझ्याकडं सरकवला, "तुम्ही इंग्रजीत लिहा. त्याला तर वाचता येत न्हाय. त्याच्या शेजारी आता कोण बसलेलं असंल, काय सांगावं." सगळ्या ओळींत एकच होतं: ये. सात वेळा लिहून झाल्यावर वहिनींनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि खाली टेकवलं.

साहेब ते पाकीट टपालात टाकायला स्वतः सोलापूरला गेले. परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोश उघडणं सोडलं. शुक्रवारी ओसरीवर नुसते बसून राहायचे. मी कधी एखादा शब्द काढला तर मान हलवायचे. उत्तर आलं नाही. पाकीटही परत आलं नाही. वहिनी रोज रस्त्याकडच्या दारापुढं सारवायच्या, आणि मी शाळेतून येताना लांबूनच त्यांच्या कपाळाकडं बघायची.

आठ-नऊ महिन्यांनी, उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी, दाराशी कुणीतरी खाकरलं. मी बाहेर आले. रस्त्याच्या मधोमध एक काळासावळा, रापलेला माणूस उभा होता. खांद्यावर कांबळ्याची वळकटी, अंगावर जाड खाकी कोट, त्या उन्हात. पायरीपासून चार हात लांब.

"दादा हायत का?" त्यानं विचारलं.

मला हाक मारावी लागली नाही. साहेब माझ्या मागं येऊन उभे होते. तो खालीच थांबला होता, पायरीकडं बघत.

"आपला कागद पोचला का, ते विचारा त्याला, बाई," साहेब मला म्हणाले.

"कसला कागद?" तो म्हणाला. "मला काय पोचलं न्हाय. बसऱ्याला हुतो, मग कराचीला गाडी हाकत हुतो. लई वाट बघितली, दादा. म्हटलं, राग गेला न्हाय तुमचा. येवडी वरसं त्येच डोक्यात. तुमाला वाचता आलं नसंल, आसं मनातच आलं न्हाय कधी." त्यानं घाम पुसला. "मग परवा कराचीत बसलो हुतो, आन उगंच मनात आलं, दादालाबी एकादी भाषा येत नसंल. म्हटलं, जावं आन इचारावं."

मागं भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी दारात आल्या होत्या.

साहेब अनवाणीच पायऱ्या उतरले, तापलेल्या रस्त्यावर गेले, आणि त्यांनी भावाचं मनगट धरलं.

"न्हवती येत रे," ते म्हणाले. "लई उशिरा आली."